जाताना आठ तास, येताना साडेनऊ!

मुंबई ते टोकियो किती लांब? मोबाइलला विचारलंत तर तो एक आकडा देऊन मोकळा होतो. पण त्या एका आकड्यावर विसंबून प्लॅन केलात तर पंचाईत होऊ शकते. दोन शहरांमधलं अंतर आणि वेळ हे प्रकरण वाटतं तेवढं सरळ नाही, आणि ज्यांना बाहेर शिकायला किंवा इंटर्नशिपला जायचंय त्यांना ते माहीत असलेलं बरं!

एक कोडं घालतो. खाली दोन विमानांच्या वेळा दिल्यात. नीट वाचा.

मुंबईहून रात्री ८ वाजता निघालं, टोकियोला दुसऱ्या दिवशी सकाळी ७.३० ला पोहोचलं.

टोकियोहून सकाळी ११.३० ला निघालं, मुंबईला त्याच दिवशी संध्याकाळी ५.३० ला पोहोचलं.

आता सांगा, जास्त वेळ कुठल्या प्रवासात बसून काढावा लागला?

बोटं मोजलीत तर जाताना साडेअकरा तास, येताना फक्त सहा. म्हणजे येताना निम्मा वेळ. बरोबर ना? चूक. एकदम उलटं आहे. जाताना विमानात आठ तास गेले आणि येताना साडेनऊ! वेळा नमुन्यादाखल घेतल्यात, पण मुंबई-टोकियो थेट विमानांचं गणित साधारण असंच असतं.

घड्याळाने फसवलं ते साडेतीन तासांनी. जपानचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे असतं. आपल्याकडे सकाळचे नऊ वाजतात तेव्हा टोकियोत दुपारचे साडेबारा झालेले असतात. त्यामुळे पूर्वेकडे जाताना तिकिटावरच्या वेळांतून साडेतीन तास वजा करायचे आणि परत येताना तेवढेच मिळवायचे. एवढं केलं की पहिलं कोडं सुटतं.

पण लगेच दुसरं उभं राहतं. रस्ता तोच, विमान तसंच, अंतर तेवढंच, मग येताना दीड तास जास्त का?

‘साडेआठला पोहोचते, सर!’

या कोड्यात मी पडलो ते एका मैत्रिणीमुळे. ती मूळची कोल्हापूरकडची, इंजिनीअरिंगला पुण्यात. पुण्यात जपानी शिकणाऱ्यांची कमी नाही, हे तुम्हाला माहीतच असेल. हीसुद्धा दोन वर्षं जपानी शिकली आणि शेवटी टोकियोच्या एका लॅबमध्ये तिला दोन महिन्यांची इंटर्नशिप मिळाली. तिकीट काढायच्या आधीच प्रोफेसरांचा मेल आला, पहिली भेट कधी ठेवायची?

हिने मोबाइलवर बघितलं. आठ तास. रविवारची रात्र सरता सरता, म्हणजे साडेबाराला निघणारं विमान धरलं. साडेबारा अधिक आठ, सकाळी साडेआठ. सामान घेऊन, ट्रेन पकडून अकरापर्यंत आरामात लॅबमध्ये. तिने झोकात मेल लिहिला, सोमवारी सकाळी साडेआठला पोहोचते, अकराला भेटते, सर!

चार दिवसांनी तिकीट काढायला बसली तर स्क्रीनवर पोहोचायची वेळ दिसली दुपारी १२. आधी तिला वाटलं साइट गंडलीय. मग वाटलं हे विमान कुठेतरी थांबत असेल. रूममेटने विचारलं, “अगं, ही वेळ आपली की तिकडची?” आणि हिच्या डोक्यात प्रकाश पडला. साडेआठ आपले. तिकडे तेव्हा दुपारचे बारा!

मग काय, आदरार्थी जपानीत माफीचा मेल. चार वेळा लिहिला, चार वेळा खोडला. पहिलीच ओळख आणि सुरुवात ‘माझी चूक झाली’ने. शेवटी भेट तीच ठेवायची म्हणून तिने आदल्या दिवशीचं विमान घेतलं. ते काही हजारांनी महाग होतं, शिवाय एका रात्रीचं राहण्याचं भाडं वाढलं. साडेतीन तासांची बेरीज करायची राहिली, त्याची ही किंमत.

तुम्ही म्हणाल, वेंधळेपणा झाला. झालाच. पण तिने मोबाइलला जो प्रश्न विचारला तोच आपण सगळे विचारतो, ‘किती तास?’ आणि खरी गडबड त्या प्रश्नात आहे. कुठल्या दिशेने? कुठल्या महिन्यात? कुठल्या घड्याळाने? हे विचारल्याशिवाय मिळालेलं उत्तर अर्धंच असतं.

अंतर म्हणजे नेमकं कुठलं?

आधी किलोमीटर बघू. मुंबई विमानतळ ते टोकियोचा नारिता विमानतळ, सगळ्यात कमी अंतर आहे साधारण ६,७८० किलोमीटर. पण शाळेच्या भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर पट्टी ठेवून सरळ रेष मारलीत आणि त्या रेषेने गेलात, तर भरतात साधारण ६,८९० किलोमीटर. म्हणजे नकाशावरची सरळ रेष शंभरेक किलोमीटरने लांबची!

पटत नसेल तर घरात पृथ्वीगोल शोधा. एक दोरा घ्या, एक टोक मुंबईवर, दुसरं टोकियोवर धरा आणि ताणा. दोरा आपोआप सगळ्यात जवळची वाट पकडतो. ती वाट सपाट नकाशावर उतरवली तर उत्तरेकडे फुगलेली कमान दिसते. भूगोलात ज्याला बृहद्‌वृत्त म्हणतात, त्याचाच हा तुकडा. संत्र्याची साल सोलून टेबलावर सपाट पसरायची म्हटलं तर ती फाटते किंवा ताणली जाते. नकाशाचं तसंच होतं, गोल पृथ्वी कागदावर बसवताना कुठेतरी ताण पडतोच.

ही दोऱ्याची वाट जाते कुठून? मुंबईहून निघून नागपूरच्या थोडं उत्तरेने, गयेच्या आसपास, सिलीगुडीजवळून थेट भूतानवर. तिथून तिबेटचा पूर्व भाग, मग चीनचा सिचुआन प्रांत. बरोबर मधला बिंदू येतो चेंगडू शहराच्या उत्तरेला. पुढे पिवळा समुद्र, दक्षिण कोरिया आणि जपान.

वाचायला भारी वाटतं. पण तुमचं विमान बहुतेक या वाटेने जाणारच नाही.

तिबेट टाळून

कारण आहे तिबेटचं पठार. सरासरी उंची साडेचार हजार मीटर. आपलं कळसूबाई शिखर १,६४६ मीटरचं, त्याच्या जवळजवळ तिप्पट उंचीवर पसरलेलं हे मैदान.

विमान तर अकरा-बारा हजार मीटरवरून उडतं, मग खालच्या पठाराची भीती कशाला? भीती आहे ‘समजा काही बिघडलं तर’ची. विमानाच्या आत हवेचा दाब राखलेला असतो. तो अचानक गेला तर वरून ऑक्सिजनचे मास्क खाली पडतात. एअर होस्टेस दर वेळी दाखवते ते, आणि आपण दर वेळी बघत नाही ते. या मास्कमधला ऑक्सिजन बहुतेक विमानांत साधारण पंधरा-वीस मिनिटं पुरतो. तेवढ्यात पायलटने विमान तीन हजार मीटरच्या आसपास आणायचं असतं, म्हणजे प्रवाशांना मास्कशिवाय श्वास घेता येतो. तिबेटवर तीन हजार मीटरला काय आहे? जमीन! तिथे उतरायला जागाच नाही. पठार संपेपर्यंत वाट बघायची तर पंधरा-वीस मिनिटं कमी पडतात. शिवाय एखादं इंजिन बंद पडलं तर विमानाला उंची थोडी सोडावी लागते, तेव्हाही खाली डोंगर नसलेले बरे.

म्हणून मुंबई-टोकियो विमानं साधारणपणे कोलकात्याच्या बाजूने, बांगलादेश आणि म्यानमारवरून चीनच्या युन्नान प्रांतात शिरतात आणि मग पूर्वेकडे सरकतात. कोलकाता आणि कुनमिंगवरून वळण घेतलं तर दोऱ्याच्या वाटेपेक्षा शंभर-सव्वाशे किलोमीटर वाढतात. गंमत बघा, भिंतीवरच्या नकाशातली आपली ‘चुकीची’ पट्टीची रेषही साधारण कोलकात्याजवळूनच जाते. पायलट तिथून जातो तो मात्र डोंगर चुकवायला.

तर आत्तापर्यंत एकाच प्रवासाची तीन अंतरं झाली. नकाशावरचं, दोऱ्याचं आणि विमानाने खरंच कापलेलं. मोबाइल सांगतो ते बहुतेक वेळा दोऱ्याचं.

‘पृथ्वी फिरते म्हणून’?

आता मूळ प्रश्न, येताना दीड तास जास्त का?

कॉलेजच्या कट्ट्यावर विचारून बघा. दहातले सात जण छातीठोकपणे सांगतील, “पृथ्वी फिरते ना, म्हणून!” ऐकायला एकदम सायंटिफिक. पण दोन मिनिटं विचार करा. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. विमान हवेत आणि जमीन खालून सरकतेय असं खरंच झालं असतं, तर टोकियो विमानाच्या पुढे पुढे पळालं असतं आणि मुंबई मात्र आपणहून विमानाकडे सरकत आली असती. म्हणजे जायला जास्त वेळ लागला असता, यायला कमी. प्रत्यक्षात होतं नेमकं उलटं! तेव्हा हे उत्तर नुसतं अपुरं नाही, उलट्या दिशेचं आहे.

धावत्या लोकलमध्ये नाणं वर उडवलं तर ते मागच्या डब्यात जाऊन पडत नाही, तुमच्याच हातात येतं. कारण नाणं, तुम्ही आणि डब्यातली हवा, सगळेच लोकलच्या वेगाने जात असतात. पृथ्वीचंही तसंच आहे. हवा तिच्याबरोबरच फिरते आणि विमान त्या हवेत असतं.

खरा खेळ आहे त्या हवेचा.

तो वारा, जो कोणी वाचलाच नाही

टोकियोच्या ईशान्येला साधारण साठ किलोमीटरवर त्सुकुबा नावाचा भाग आहे. तिथल्या तातेनो या ठिकाणी १९२० मध्ये वरच्या हवेचा अभ्यास करणारी वेधशाळा सुरू झाली. तिचे प्रमुख होते वासाबुरो ओइशी. ते काय करायचे? फुगे सोडायचे. हायड्रोजन भरलेला फुगा आकाशात सोडायचा आणि दुर्बिणीतून त्याच्यावर नजर ठेवायची. फुगा जसा वाहत जाईल तसा वरचा वारा कळतो. हे त्यांनी १९२३ पासून चिकाटीने केलं. हिवाळ्यात त्यांना दिसलं की आठ-दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे भयानक वेगाने वारा वाहतोय. एवढा वारा वर असू शकतो हे तोपर्यंत कोणाला ठाऊक नव्हतं.

ओइशींनी १९२६ मध्ये हे शोधकार्य छापलं. आपलं म्हणणं जगभर पोहोचावं म्हणून त्यांनी भाषा निवडली एस्पेरांतो. सगळ्या जगाची समाईक भाषा व्हावी म्हणून मुद्दाम तयार केलेली ही भाषा. अडचण एवढीच, की ती वाचणारे फारच थोडे. जगासाठी लिहिलं आणि जगाने वाचलंच नाही!

जगाला त्या वाऱ्याची ओळख पुढे युद्धात झाली. नोव्हेंबर १९४४ मध्ये अमेरिकेची बी-२९ बॉम्बर विमानं टोकियोवर खूप उंचावरून आली, तेव्हा वैमानिकांना हा वारा भेटला आणि बॉम्ब भलतीकडे पडू लागले. त्याच सुमारास जपानने याच वाऱ्यावर बॉम्ब बांधलेले सुमारे नऊ हजार फुगे पॅसिफिकपलीकडे अमेरिकेच्या दिशेने सोडले. जपानला या वाऱ्याची माहिती आधीपासून होती.

युद्धानंतर हाच वारा प्रवाशांच्या कामी आला. नोव्हेंबर १९५२ मध्ये ‘पॅन ॲम’च्या विमानाने टोकियोहून होनोलुलूला जाताना मुद्दाम या वाऱ्याची साथ धरली. अठरा तासांचा प्रवास साडेअकरा तासांत झाला. आज आपण याला ‘जेट स्ट्रीम’ म्हणतो. विषुववृत्ताकडची गरम हवा आणि ध्रुवाकडची थंड हवा यांच्या तापमानातल्या फरकातून आणि पृथ्वीच्या फिरण्यातून हा हवेचा पट्टा तयार होतो. म्हणजे कट्ट्यावरच्या त्या सात जणांना अर्धा मार्क द्यायला हरकत नाही. पृथ्वी फिरण्याचा संबंध आहे, पण तो वाऱ्यामार्फत.

हिवाळ्यात जपानवरची जेट स्ट्रीम जगातल्या सगळ्यात जोरदार वाऱ्यांपैकी एक असते. तिथे ताशी तीनशे किलोमीटरच्या पुढेही वारा जातो. आपलं विमान टोकियोकडे निघतं तेव्हा हा वारा पाठीला असतो, परतताना थेट तोंडावर.

दहावीचं ते बोटीचं गणित

‘एक बोट प्रवाहाच्या दिशेने…’ आठवतंय? दहावीच्या बीजगणितातलं, सगळ्यांनी शिव्या दिलेलं ते गणित. ते इथे जसंच्या तसं लागू पडतं.

सोयीसाठी खरा मार्ग ७,००० किलोमीटर धरू. विमानाचा हवेतला वेग ताशी ९०० किलोमीटर. वारा वाटेत सगळीकडे सारखा नसतो, पण सरासरी ताशी १०० धरू.

जाताना वेग ९०० अधिक १००, म्हणजे १,०००. वेळ ७ तास.

येताना वेग ९०० वजा १००, म्हणजे ८००. वेळ ८ तास ४५ मिनिटं.

त्यात विमान धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, वर चढणं, उतरायच्या आधी आकाशात घिरट्या घालणं, असा दोन्हीकडे पाऊण-एक तास मिळवा. आलं की नाही उत्तर? आठच्या आसपास आणि साडेनऊच्या आसपास!

याच गणितात आणखी एक गोष्ट लपलीय. जाऊन-येऊन उड्डाणाचे झाले १५ तास ४५ मिनिटं. वारा अजिबात नसता तर दोन्ही मिळून १५ तास ३३ मिनिटं लागली असती. म्हणजे जाताना वाऱ्याने जेवढं दिलं त्यापेक्षा येताना बारा मिनिटं जास्तच काढून घेतली. वाटतं की फिटंफाट व्हायला हवी होती. होत नाही, कारण उलट्या वाऱ्यात आपण जास्त वेळ अडकून राहतो आणि सुलट्या वाऱ्यातून लवकर बाहेर पडतो.

आणि हा फरक वर्षभर सारखा नसतो. उन्हाळा येतो तशी ही जेट स्ट्रीम मंदावते आणि उत्तरेकडे सरकते. तिचं हिमालयाच्या पलीकडे सरकणं आणि आपल्याकडे मान्सून येणं यांचंही नातं आहे. पावसाळ्यात तर दक्षिण भारतावर वरच्या हवेत उलटा, पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणारा जेट वाहतो. पी. कोटेश्वरम या भारतीय हवामानशास्त्रज्ञाने १९५८ मध्ये त्यावर शोधनिबंध लिहिला. तेव्हा जानेवारीतली वेळ बघून जुलैचा प्लॅन करू नका. विमान कंपन्या उन्हाळी आणि हिवाळी वेळापत्रक वेगळं काढतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

जवळचं शहर लांब कसं होतं?

डोंगर आणि वारा झाला. तिसरी गोष्ट माणसांची, ती म्हणजे सीमा.

दिल्ली ते ताश्कंद अंतर फक्त सोळाशे किलोमीटरच्या आसपास. टोकियोच्या मानाने अगदी शेजार. पण एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांसाठी आपली हवाई हद्द बंद केली आणि दिल्लीहून ताश्कंद आणि अल्माटीला जाणारी एका भारतीय कंपनीची विमानं बंद करावी लागली. वळसा एवढा मोठा झाला की छोट्या विमानाच्या आवाक्यात तो रस्ता राहिला नाही. दोऱ्याने मोजलं तर शहरं होती तिथेच होती. टोकियोहून युरोपला जाणाऱ्यांनी हेच २०२२ पासून अनुभवलंय. रशियाचं आकाश टाळून जपानी विमानं वळसा घालून जातात आणि टोकियो-लंडन प्रवास पूर्वीपेक्षा कितीतरी लांबला. मुंबई-टोकियोच्या वाटेवर सध्या अशी भिंत नाही, हे आपलं नशीब म्हणायचं.

थेट की मध्ये थांबून?

थेट विमान महाग असतं. विद्यार्थी म्हणून आपली बोटं आपोआप ‘१ स्टॉप’कडे जातात. हरकत नाही, पण तिथेही दोरा लावून बघा.

हाँगकाँगमार्गे गेलात तर एकूण अंतर होतं सुमारे ७,३०० किलोमीटर. बँकॉकमार्गे सुमारे ७,७००. सिंगापूरमार्गे मात्र सव्वानऊ हजारांच्या पुढे, कारण सिंगापूर जवळजवळ विषुववृत्तावर आणि टोकियो पार उत्तरेला. मधे थांबायचा वेळ सगळीकडे सारखा असला तरी सिंगापूरच्या वाटेला दोन-तीन तास उड्डाणाचेच वाढतात. तिकीट स्वस्त असेल तर जरूर घ्या, फक्त काय देऊन काय घेतोय ते माहीत असू द्या.

आणखी एक गोष्ट, जिच्यात पोरं खरोखर अडकतात. पैसे वाचवायला दोन वेगवेगळी तिकिटं काढू नका, किंवा काढलीत तर मधे भरपूर वेळ ठेवा. एकाच बुकिंगवर दोन विमानं असतील आणि पहिलं उशिरा आल्यामुळे दुसरं चुकलं, तर पुढची सोय करणं साधारणपणे कंपनीची जबाबदारी असते. दोन स्वतंत्र तिकिटं असतील तर दुसरं विमान तुमच्यासाठी थांबत नाही आणि पैसेही बहुतेक जातात. शिवाय बॅगा काढून पुन्हा चेक-इन करायच्या म्हणजे त्या देशात उतरणं आलं आणि त्यासाठी व्हिसा लागतो का, हे बघणंही आलं.

घरच्या दारापासून

आता पुण्यातल्या खोलीपासून टोकियोच्या हॉस्टेलपर्यंत मोजू. पुणे ते मुंबई विमानतळ दीडशे किलोमीटर, घाटात ट्रॅफिक मिळणार हे गृहीत धरून चार तास. विमानतळावर तीन तास आधी. विमानात आठ तास. उतरल्यावर इमिग्रेशन आणि बॅगा, एक तास. नारिता विमानतळ टोकियोच्या मध्यापासून साठ-पासष्ट किलोमीटर लांब आहे, त्यामुळे ट्रेनने शहरात यायला आणखी तास-सव्वा तास. दुसरा विमानतळ हानेदा शहराला खेटून आहे, म्हणून तिकीट बघताना ‘टोकियो’ एवढंच वाचू नका, कुठला विमानतळ तेही बघा.

बेरीज करा. सतरा तासांच्या वर गेली. ‘आठ तासांचा प्रवास’ असं आपण ज्याला म्हणत होतो, तो निम्म्यापेक्षाही कमी भरला!

शिवाय शरीराचंही एक घड्याळ असतं. टोकियोत पहिल्या दिवशी सकाळी ९ ला लेक्चर असेल तर तुमच्या शरीराच्या हिशेबाने ते पहाटे साडेपाचला आहे. पूर्वेकडे जाताना हे जास्त जाणवतं, कारण आपल्या शरीराला उशिरा झोपायची सवय पटकन लागते, लवकर झोपायची लागत नाही. हे कॉलेजच्या पोरांना वेगळं सांगायला नको. निघायच्या तीन-चार दिवस आधीपासून रोज अर्धा-पाऊण तास लवकर झोपायला लागा. महत्त्वाची भेट किंवा परीक्षा असेल तर निदान एक दिवस आधी पोहोचा.

आणि आजीचा हिशेब

मैत्रीण निघायच्या आधी कोल्हापूरला घरी गेली, तेव्हा आजीने विचारलं होतं, “किती लांब गं ते तुझं जपान?”

ही म्हणाली, “आठ तास.”

“आठ तास? म्हंजे आपल्या मुंबईच्या यष्टीएवढंच की!” आजी निर्धास्त झाली.

हसू नका. आपण सगळेच अंतर तासांत मोजतो. ‘तुझं कॉलेज किती लांब?’ला ‘पाऊण तास’ असं उत्तर देतो, किलोमीटर सांगत नाही. १८९३ च्या ३१ मे रोजी स्वामी विवेकानंद मुंबईहून जहाजाने निघाले. कोलंबो, सिंगापूर, हाँगकाँग करत, वाटेत थांबत ते जपानला गेले आणि जुलैच्या मध्यावर योकोहामाहून कॅनडाकडे निघाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कोबेहून मुंबईसाठी नियमित जहाजसेवा सुरू झाली, तिच्यामागे जमशेटजी टाटांचा पुढाकार होता. त्या काळच्या आजीला जपान म्हणजे आठवडेच्या आठवडे असणार. आजच्या आजीला ते रात्रीच्या एसटीएवढं वाटतं, आणि तिच्या मोजमापाने ते बरोबरच आहे.

फक्त साडेतीन तासांचं तिला कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्या आठवड्यात आजीने रात्री दहाला हौसेने व्हिडिओ कॉल लावला. तिकडे मध्यरात्रीचा दीड! नातीने झोपेतच उचलला. मग दुसऱ्या दिवशी तिने आजीला समजावलं आणि आजीने भिंतीवरच्या घड्याळाखाली एक कागद चिकटवला. त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘अधिक साडेतीन’. त्यानंतर रोज दिवेलागणीला, आपले सहा वाजले की फोन. तिकडे साडेनऊ, जेवण उरकलेलं, लॅबमधून परत आलेली नात खोलीत.

जी बेरीज इंजिनीअरिंगच्या पोरीची राहून गेली, ती आजीने दोन महिने एकदाही चुकवली नाही.

तिकीट काढण्याआधी हे बघा

- तिकिटावरच्या वेळा नेहमी त्या त्या शहराच्या असतात. जपानला जाताना साडेतीन तास वजा, येताना अधिक. मगच खरा प्रवास कळतो.
- रात्री बारानंतरचं विमान असेल तर तारीख दोनदा तपासा. ‘रविवारी रात्री साडेबारा’ म्हणजे तिकिटावर सोमवार.
- जायचा वेळ यायला गृहीत धरू नका. परतीच्या दिवशी मुंबईहून पुढची ट्रेन किंवा बस पकडायची असेल तर मधे मोकळा वेळ ठेवा.
- कोणालाही वेळ कळवताना ‘जपानी वेळेनुसार’ किंवा ‘भारतीय वेळेनुसार’ असं लिहाच.
- स्वस्त तिकीट दिसलं की विचारा, कुठून वळसा आहे, किती तास थांबायचं आहे आणि बुकिंग एक आहे की दोन.
- दारापासून दारापर्यंतचे तास मोजा. प्लॅन त्यावर करा.